एसटीतलं अर्धं तिकीट पीएमपीत चालत नाही: पुण्याला जाण्याआधी हे वाचा

बारामती, इंदापूर, सुपे, कऱ्हाटी या भागातून पुण्याला जाणं काही नवं नाही. कुणाला आझम कॅम्पसला मुलीचं ॲडमिशन बघायचं असतं, कुणाला ससूनमध्ये पेशंटला भेटायचं असतं. सुट्टीत मुलांना आगाखान पॅलेस नाहीतर कात्रजचं प्राणी संग्रहालय दाखवायचं असतं. (ते बुधवारी बंद असतं, आधीच सांगितलेलं बरं.) स्वारगेटपर्यंत सगळं सुरळीत होतं. गोंधळ होतो तो शहर बसमध्ये चढल्यावर.

एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं. त्यामुळे अम्मी, खाला, दादी यांना सवय झालीय. मग पीएमपीच्या कंडक्टरने पूर्ण पैसे मागितले की वाद सुरू. पण यात त्याची चूक नसते. एसटी राज्य सरकारच्या महामंडळाची, तर पीएमपी पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची वेगळी कंपनी, २००७ साली दोन्ही शहरांच्या बससेवा एकत्र करून झालेली. एसटीची सवलत तिथं लागू नाही. म्हणून घरातून निघतानाच बायकांचं आणि वडीलधाऱ्यांचं तिकीट पूर्ण धरून हिशेब करा.

१ जून २०२५ पासून पीएमपीचे दर वाढलेत. पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, १० पर्यंत २०, १५ पर्यंत ३०, असं पुढं वाढत जातं. दिवसभराचा पास ७० रुपयांना मिळतो आणि तो दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालतो. आता हा पास घ्यावा का? २० रुपयांचे तीन प्रवास असतील तर ६० होतात, पास नको. चौथा प्रवास होणार असेल तर ८० होतात, म्हणजे पासमध्ये १० रुपये वाचतात. पाच माणसांचं कुटुंब असेल तर ५०. नुसतं ससूनला जाऊन परत यायचं असेल तर साधं तिकीटच बरं. पास एका माणसाचा असतो, घरभर फिरवता येत नाही. आधार कार्ड सोबत असू द्या. आणि हा पास मेट्रोत चालत नाही, तिथलं तिकीट वेगळं.

पैसे रोख देता येतात, तसेच कंडक्टरकडचा क्यूआर कोड स्कॅन करून मोबाईलवरूनही. तरी १० आणि २० च्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाच. गर्दीत रेंज जाते, आणि ५०० ची नोट काढली की कंडक्टरचं तोंड बघण्यासारखं होतं! ‘आपली पीएमपीएमएल’ या ॲपवर तिकीट काढता येतं, बस कुठवर आलीय तेही दिसतं. घरातल्या कॉलेजच्या पोरापोरींकडून ते आधीच टाकून घ्या. तिकीट उतरेपर्यंत जपा, मुलांच्या हातात देऊ नका. चेकरने धरलं तर दंड तिकिटाच्या कितीतरी पट असतो.

सोलापूर रोडने किंवा सासवडमार्गे येणारी एसटी हडपसरवरून जाते. पुणे स्टेशन, कॅम्प किंवा ससूनकडे जायचं असेल तर स्वारगेटपर्यंत जायची गरज नाही. हडपसरला गाडीतळावर उतरलात तर तिथून पीएमपी मिळते. स्वारगेटला उतरलात तर एसटी स्टँड आणि पीएमपीचे थांबे वेगवेगळे आहेत. पाटीवरचा नंबर बघून धावू नका, ‘कुठं जाते’ ते विचारून चढा. एकाच रस्त्यावर उलट्या दिशेनेही तोच नंबर धावतो.

खेड शिवापूरला हजरत कमर अली दरवेश यांच्या दर्ग्यावर जाणाऱ्यांसाठी हिशेब थोडा वेगळा आहे. हे ठिकाण महापालिकेच्या हद्दीबाहेर सातारा रोडवर आहे, त्यामुळे ७० चा पास तिथं चालत नाही. पूर्ण पीएमआरडीए हद्दीचा पास १५० ला आहे, पण नुसतं जाऊन-येऊन एवढे होत नाहीत. बायका जास्त असतील तर स्वारगेटवरून भोरकडे जाणारी साधी एसटी बघा. त्यात अर्धं तिकीट लागतं. खेड शिवापूरला थांबते का, ते चढण्याआधी कंडक्टरला विचारून घ्या. गुरुवारी गर्दी असते, परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते उतरतानाच विचारा.