विजेची मोटार आतून पाहताना

विजेवरच्या मोटारी आता पंचवटीतही नवलाच्या राहिलेल्या नाहीत. गाडी पाहायला गेलेला गिऱ्हाईक आसनावर हात फिरवतो, समोरचा पडदा किती मोठा आहे ते पाहतो आणि खूश होतो. परंतु आतली रचना खरोखर चांगली आहे की नाही, हे अशा पाहणीत फारसे कळत नाही. त्यासाठी शाळेतले थोडे भौतिकशास्त्र लागते.

प्रथम आवाज घेऊ. इंजिनाचा घरघराट कोणालाच आवडत नाही, पण तो एक काम करीत असतो. तो बारीकसारीक आवाज झाकून टाकतो. वर्गात टिकटिक करणारे घड्याळ ठेवा. ते जेमतेम ऐकू येईल इतक्या अंतरावर विद्यार्थ्यांना उभे करा आणि पंखा पूर्ण वेगाने सोडा. घड्याळ चालूच असते, टिकटिक मात्र ऐकू येईनाशी होते. विजेच्या मोटारीत हा ‘पंखा’ बंद असतो. त्यामुळे प्लॅस्टिकच्या दोन भागांचे घासणे, पट्ट्याच्या कडीची खडखड, मोटरची बारीक शिट्टी, सगळे कानावर येते. जुन्या गाडीत खपून गेलेली ढिली जोडणी इथे खपत नाही. म्हणून गाडी घेताना रेडिओ बंद करून ती खडबडीत रस्त्यावरून हळू चालवून पाहावी. गुळगुळीत अस्तरापेक्षा ही परीक्षा अधिक खरी.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि नाशिककरांच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची. एप्रिलच्या दुपारी गोदाकाठी उभी केलेली गाडी तासाभरात भट्टी होते. काचेतून आलेले ऊन काळा डॅशबोर्ड शोषून घेतो, तापतो आणि दीर्घ लहरींची उष्णता बाहेर टाकतो. ती काचेतून पार होत नाही. शिवाय आतली गरम हवा बंद गाडीत अडकून पडते. दोन सारख्या बरण्यांत एकीत काळा व दुसरीत पांढरा कागद घालून, तापमापी ठेवून त्या झाकणे लावून उन्हात ठेवल्या, तर रंगाचा परिणाम विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येईल.

सूर्याच्या ऊर्जेपैकी जवळजवळ अर्धी अवरक्त किरणांतून येते. त्यामुळे दृश्य प्रकाश जाऊ देऊन अवरक्त किरण अडवणारी काच बनवता येते. छतभर काच असलेल्या गाड्या सध्या लोकप्रिय आहेत. ती काच अशी नसेल आणि आतून पडदाही नसेल, तर आपल्या हवेत ती केवळ मिरवण्याची वस्तू आहे, असे माझे मत आहे.

ही उष्णता काढायला वीज लागते आणि ती चाके फिरवणाऱ्या बॅटरीतूनच येते. समजा, वातानुकूलन यंत्र १.५ किलोवॅट शक्ती घेते आणि गाडी एका युनिटमध्ये ७ किलोमीटर जाते. महामार्गावर ताशी ७० किलोमीटर वेगाने तासाभरात चाकांना १० युनिट लागतील, थंडाव्याला १.५. पंचवटी कारंजाच्या कोंडीत ताशी १० किलोमीटर वेग असेल, तर चाकांना साधारण १.४ युनिट आणि थंडाव्याला तेच १.५! म्हणजे चालण्यापेक्षा थंड राहणेच महाग. सच्छिद्र आसनातून हवा खेळवण्याची सोय म्हणूनच नुसती चैन नव्हे. सगळी हवा गार करण्यापेक्षा पाठीवरचा घाम वाळवणे स्वस्त पडते. थंडीत उलटा प्रश्न येतो. निफाडचा पारा ५ अंशांजवळ उतरतो तेव्हा पेट्रोलच्या गाडीला इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते. विजेच्या गाडीला ऊब विकत घ्यावी लागते.

राहिला पडदा. महिंद्रांचा एक कारखाना आपल्या सातपूरला आहे. त्यांच्या चाकणला बनणाऱ्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एक्सईव्ही ९ई या गाडीत तर ओळीने तीन पडदे आहेत. दिसायला छान, पण गुळगुळीत काचेवर बोटाला जागा सापडत नाही, डोळे वळवावेच लागतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत २२ मीटर जाते. यात्रेकरूंच्या गर्दीत एवढे अंतर फार झाले. युरोपातील गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनसीएपी या संस्थेने २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि मदतीची हाक यांना हाताने चाचपता येणारी बटणे किंवा दांडे असावेत, अशी अट घातली आहे.