राजयक्ष्म्याचें कुलूप

क्षयास आपल्या पूर्वजांनीं राजयक्ष्मा म्हटलें तें चंद्राच्या कथेवरून. दक्षाच्या शापानें झिजणारा चंद्र निदान पुन्हां भरतो तरी. मनुष्याचें तसें नाहीं. आमच्या धाकट्या काकांनीं चार महिने औषध घेतलें, खोकला थांबला, आणि "आतां कशाला?" म्हणून गोळ्या सोडिल्या. वर्षाच्या आंत रोग उलटला व तेंच औषध लागू पडेना. असें कां व्हावें, हें कोडें आम्हांस पुष्कळ वर्षें होतें.

रॉबर्ट कॉकनें 1882 सालीं बर्लिन येथें दाखविलेला हा जंतु मेणचट तटबंदींत राहतो. ती तटबंदी ज्या लांबलचक मायकोलिक आम्लांची असते, तीं तयार होण्याच्या कामीं इनएचए नांवाचें एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन, झटत असतें. त्याचे अणु साध्या सूक्ष्मदर्शकांतून दिसत नाहींत. म्हणून शुद्ध एन्झाइमाचे स्फटिक करून त्यांतून क्ष-किरण सोडतात, आणि किरण कसे विखुरले यावरून अणूंचीं स्थानें गणितानें काढतात. अमेरिकेंतील संशोधकांनीं इनएचएची अशी रचना 1995 सालीं प्रसिद्ध केली.

आयसोनायाझिड हें औषध 1952 पासून प्रचारांत आहे. पण तें स्वतः निरुपद्रवी. जंतूचेंच दुसरें एक एन्झाइम त्यास जागें करतें. मग तें एनएडी या साहाय्यक रेणूशीं जोडलें जाऊन इनएचएच्या खोबणींत कुलुपांत किल्ली अडकावी तसें बसतें. हें दृश्य 1998 सालीं स्फटिकांतच दिसलें. भस्मासुराचा हात त्याच्याच मस्तकीं!

परंतु कांहीं जंतूंत या एन्झाइमाच्या 94 व्या स्थानीं सेरीनऐवजीं ॲलनीन असतें. भेद अवघ्या एका प्राणवायूच्या अणूचा; तेवढ्यानें पकड सैल पडते. पुष्कळदां तर औषधास जागें करणारें एन्झाइमच बिघडलेलें असतें. कोट्यवधि जंतूंत असे थोडे आधींपासूनच असतात. अनेक औषधें मिळून नियमानें घेतलीं, तर एकास चुकलेला जंतु दुसऱ्याच्या तावडींत सांपडतो. अर्धवट घेतलीं, तर नेमके हेच वांचतात व त्यांचीच प्रजा वाढते.

काकांचें कोडें असें सुटलें, पण काका राहिले नाहींत. आज साध्या क्षयास सहा महिन्यांचें औषध पुरतें. घरांत कोणास तें चालूं असेल, तर वडीलधाऱ्या मंडळींनीं रोज गोळी समक्ष घ्यावयास लावावी, आणि "बरें वाटतें" या शब्दांवर शेवटच्या दिवसापर्यंत विश्वास ठेवूं नये.