भर पेठेंतील रस्ता कसा सुधारावा?

आमच्या आठवीच्या वर्गांत एक विद्यार्थी आहे. त्याची दृष्टि जन्मापासून अधू आहे. परंतु शाळेची वाट तो एकटाच चालून येतो, कोणाची सोबत घेणें त्यास कमीपणाचें वाटतें. गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर तो बाजाराच्या रस्त्यानें घरीं चालला होता. पदपथावर आदल्याच आठवड्यांत विजेची एक मोठी लोखंडी पेटी आणून बसविलेली होती, आणि तिच्या बाजूस उरलेल्या जागेंत कोणीं तरी दुचाकी लावून ठेविली होती. पुढें वाट नाहीं असें पाहून मुलगा खालीं उतरला, तोंच मागून येणाऱ्या रिक्षाचा धक्का लागून तो पडला. हाताचें हाड मोडलें, आणि दीड महिना तो हात गळ्यांत बांधून वर्गांत बसे. आम्हीं त्यास विचारिलें, "बाळ, खालीं कां उतरलास?" तो म्हणाला, "सर, वर जागाच नव्हती."

त्या चार शब्दांनीं आम्हांस विचार करावयास लाविलें. मुलगा निष्काळजी नव्हता, रिक्षावालाही वेगांत नव्हता. मग चूक कोठें झाली? ती त्या रस्त्याच्या आंखणींत झाली होती. घर बांधण्यापूर्वीं आपण स्वयंपाकघर कोठें, देवडी कोठें, मोरी कोठें, ह्याचा विचार करतों. ज्या रस्त्यावरून रोज हजारों माणसें जातात त्याच्याविषयीं मात्र असा विचार क्वचितच होतो. तेव्हां भर पेठेंतील रस्ता सुधारावयाचा झाल्यास तें काम कोणत्या क्रमानें करावें, हें आज आम्ही वाचकांपुढें मांडतों.

पहिलें काम मोजणीचें. रस्ता एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत किती रुंद आहे, झाडें किती, खांब कोठें, विक्रेते किती, वाहनें कोठें उभीं राहतात, हें सर्व नकाशावर उतरवावें. नंतर माणसें मोजावीं. तींही सकाळीं, दुपारीं, संध्याकाळीं आणि बाजाराच्या दिवशीं अशीं निरनिराळ्या वेळीं. पेठेंत चालणाऱ्यांची संख्या बहुधा अंदाजाहून फार मोठी निघते. कारण वाहन डोळ्यांत भरतें, माणूस भरत नाहीं.

दुसरें काम जागेच्या वांटणीचें. येथें पुष्कळांचा एक समज आड येतो. त्यांस वाटतें, रस्ता जितका रुंद तितकी वाहतूक सुरळीत. परंतु नळाचें उदाहरण घ्या. नळ कितीही रुंद असला तरी जेथें तो चेपलेला असेल तेथून जेवढें पाणी जाईल तेवढेंच पुढें पोहोंचतें. रस्त्याचेंही तसेंच आहे. एका ठिकाणीं तो दहा मीटर व पुढच्या वळणावर सात मीटर असेल, तर वाहतूक सात मीटरांचीच होते. मधली जास्तीची जागा गाड्या अस्ताव्यस्त उभ्या करण्यांत वायां जाते. म्हणून जाणते आंखणीकार प्रथम वाहनांचा मार्ग सर्वत्र एकसारख्या रुंदीचा करतात, आणि उरलेली जागा चालणाऱ्यांस देतात.

हें आकड्यांनीं पाहूं. समजा, रस्ता २० मीटर रुंद आहे. येणाऱ्या व जाणाऱ्या वाहनांसाठीं साडेतीन मीटरांचे दोन पट्टे धरले म्हणजे ७ मीटर झाले. एका बाजूस वाहनें उभीं करण्यास २ मीटर ठेविले. राहिले ११ मीटर; म्हणजे प्रत्येक बाजूच्या पदपथास साडेपांच मीटर आले. ह्या साडेपांचांचे पुन्हां तीन भाग करावे. दुकानाला लागून १ मीटर, जेथें गिऱ्हाईक उभें राहून माल पाहतें. मध्यें अडीच मीटर निव्वळ चालण्यासाठीं. आणि वाहनांच्या बाजूस २ मीटर, ज्यांत झाडें, दिव्याचे खांब, बांकें, विजेच्या पेट्या व विक्रेते ह्यांची सोय होईल. मधल्या अडीच मीटरांत एकही वस्तु येऊं द्यावयाची नाहीं, हा ह्या सर्व विद्येचा प्राण होय. इंडियन रोड्स काँग्रेस ह्या १९३४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें २०१२ च्या आपल्या मार्गदर्शिकेंत राहत्या वस्तींत किमान १.८ मीटर व व्यापारी भागांत किमान २.५ मीटर मोकळी वाट असावी, असेंच सांगितलें आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या वाटेंत आलेली ती लोखंडी पेटी केवळ दीड मीटर बाजूस बसविली असती, तर त्याचा हात शाबूत राहिला असता.

वाट केवळ रुंद असून भागत नाहीं. ती सलग व सपाट पाहिजे. पदपथाची उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी, असें तीच मार्गदर्शिका सांगते. कारण पायरी उंच झाली कीं वृद्ध माणसें खालूनच चालूं लागतात. प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशीं पदपथ तोडून खालीं उतरविण्याची चाल आहे, तीही चुकीची. चढावें तें वाहनानें. माणसाची वाट एका पातळींत राहावी. चौकांत जेथें उतरणें भागच आहे, तेथें उतार असा असावा कीं एक मीटर उंचीस बारा मीटर लांबी मिळावी, म्हणजे चाकाची खुर्चीही सहज जाईल.

अंधांसाठीं आतां पदपथावर उठावाच्या फरशा बसवितात. त्या जपानमधील सेइइचि मियाके ह्या गृहस्थांनीं १९६५ सालीं शोधून काढल्या, व १९६७ सालीं ओकायामा शहरांत अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसविण्यांत आल्या. लांब रेघांची फरशी म्हणजे "पुढें चला", आणि ठिपक्यांची फरशी म्हणजे "थांबा, पुढें सावध राहा". काठीनें व तळपायानें वाचावयाची ही लिपी आहे. आपल्याकडे ह्या फरशांच्या ओळीवर कधीं कधीं खांबच रोंवलेला दिसतो, तेव्हां ती लिपी अंधांस खोटें सांगते. आणि खोटें सांगण्यापेक्षां ती नसलेली बरी.

तिसरें काम जमिनीखालचें. पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा ह्या सर्वांची व्यवस्था फरशी बसविण्यापूर्वींच लावावी, आणि पुढें तारा घालण्यासाठीं रिकाम्या नळ्या पुरून ठेवाव्या. तसें न केल्यास आज बसविलेली फरशी उद्यां उखडली जाते, आणि लोकांचा पैसा दोनदां खर्च होतो. पावसाचें पाणी कोणीकडे वाहील ह्याचा उतारही तेव्हांच ठरवावा. झाडांच्या बुंध्याभोंवतीं माती उघडी ठेवावी. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतल्यास मुळांस हवापाणी मिळत नाहीं.

चौथें काम सर्वांत नाजूक, कारण त्यांत माणसांच्या भाकरीचा प्रश्न येतो. सुधारणा म्हणतांच पुष्कळांच्या मनांत पहिला विचार येतो तो विक्रेत्यांस हांकलून देण्याचा. आमच्या शाळेंत अशीं मुलें आहेत, ज्यांची फी त्याच पदपथावर बसून भाजी व फुलें विकणाऱ्या आया भरतात. त्यांस उठवून मिळणारी सुंदरता आम्हांस महाग वाटते. कायदाही तसें सांगत नाहीं. २०१४ च्या पथविक्रेत्यांविषयींच्या कायद्याप्रमाणें आधीं सर्व विक्रेत्यांची पाहणी झाली पाहिजे, आणि ती पुरी होईतों कोणासही उठवितां येत नाहीं. जागा ठरविणाऱ्या नगर पथविक्रेता समितींत किमान ४० टक्के सभासद स्वतः विक्रेतेच असावे लागतात. वर सांगितलेल्या दोन मीटरांच्या पट्ट्यांत झाडांच्या मधल्या जागा त्यांस आंखून दिल्या, तर भाजीवालीचा धंदाही चालेल आणि वाटही मोकळी राहील.

दुकानदारांचें भय निराळें. गाडी दारांत लागली नाहीं तर गिऱ्हाईक येणार नाहीं, असें ते म्हणतात. त्यांनीं एक हिशेब करून पाहावा. दुकानासमोर एका मोटारीची जागा आहे. तेथें मालकाचीच मोटार सकाळीं दहापासून रात्रीं आठपर्यंत उभी राहिली, तर दहा तासांत एकही गिऱ्हाईक त्या जागेचा उपयोग करूं शकत नाहीं. तीच जागा तासातासानें मोकळी झाली, तर दहा गिऱ्हाइकांस मिळते. म्हणून उभें राहण्यास तासाप्रमाणें शुल्क असावें. एवढ्यानेंही शंका न फिटल्यास, काँक्रीट ओतण्यापूर्वीं रंगाच्या रेघा व हलविण्याजोगे अडथळे ठेवून कांहीं दिवस प्रयोग करावा. ११ डिसेंबर २०२१ रोजीं पुण्यांत पादचारी दिन पाळण्यांत आला, तेव्हां लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसापुरता वाहनांस बंद ठेविला होता. अशा प्रयोगांत चूक निघाली तर ती पुसतां येते, हा मोठा लाभ.

हें सारें कागदावरचें आहे काय, असें कोणी विचारील. पुणें महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचाऱ्यांविषयीं धोरण मान्य केलें, आणि त्यानंतर जंगली महाराज रस्त्याचे पदपथ नव्यानें आंखले गेले. जुनीं झाडें तशींच राखून वाट रुंद केली, बसावयास बांकें आलीं, मुलांस खेळावयास साधनेंही आलीं. दिल्लीच्या चांदणी चौकाची कथा याहून जुनी. शहाजहान बादशहाची कन्या जहांआरा हिनें आंखलेल्या त्या पेठेंत एके काळीं मधून कालवा वाहत असे. तेथील लाल किल्ल्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता २०२१ सालीं नवीन रूपांत खुला झाला, आणि दिवसा मोटारींस तेथें बंदी करण्यांत आली.

परंतु दोन्ही ठिकाणांहून पुढें तक्रारीही आल्या. कोठें दुचाकी पदपथावर चढतात, कोठें बंदी असतां वाहनें शिरतात. तेव्हां पांचवें काम देखरेखीचें, आणि तें कधींच संपत नाहीं. रस्ता बांधणारा एकदां बांधून जातो. तो राखणारे आपण सर्व असतों. पालकहो, मुलास शाळेंत सोडावयास आल्यावर आपली दुचाकी आपण कोठें उभी करतां, हें एकदां पाहावें, अशी आमची नम्र विनंति आहे.

आमच्या आठवीच्या वर्गानें ह्या वर्षीं शाळेपुढील दोनशें मीटर रस्ता फितीनें मोजला. आंकडे लिहून घेण्याचें काम हात बरा झाल्यावर त्याच विद्यार्थ्यानें मागून घेतलें. मोठ्या अक्षरांत, वही डोळ्यांजवळ धरून त्यानें तें पुरें केलें. त्या दोनशें मीटरांत पदपथ सतरा ठिकाणीं अडलेला निघाला. नकाशा व अर्ज संबंधित कार्यालयास दिला आहे. पेटी अद्यापि जागची हललेली नाहीं. परंतु तिच्या बाजूस दुचाकी लावणाऱ्या गृहस्थांस मुलांनीं तो नकाशा नेऊन दाखविला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती दुचाकी तेथें दिसली नाहीं. सतरांतील एक जागा मोकळी झाली. सोळा राहिल्या आहेत.