एक बोका, तीन दुखणी

मांजराच्या पोटात यकृत, स्वादुपिंड आणि लहान आतडं हे इतके सख्खे शेजारी आहेत की एकाचं बिनसलं की बाकीच्या दोघांनाही झळ बसते. तिघांनाही एकाच वेळी सूज आली, की प्राण्यांचे डॉक्टर त्याला ‘ट्रायडायटिस’ म्हणतात. घरात मांजर असेल तर हे नाव ठाऊक असलेलं बरं.

सगळा घोळ नळीचा!

कुत्र्याच्या स्वादुपिंडाची मोठी नळी आतड्यात स्वतंत्र तोंडाने उघडते. मांजराची मात्र आतड्यात शिरण्याआधीच पित्ताच्या नळीला जाऊन मिळते. सुमारे ८० टक्के मांजरांना तर स्वादुपिंडाची ही एकच नळी असते. म्हणजे चाळीतल्या सामाईक मोरीसारखी गत: तुंबली की सगळ्यांच्याच दारात पाणी. त्यात मांजराच्या आतड्याच्या वरच्या भागात जंतू कुत्र्यापेक्षा जास्त असतात. उलटी होताना तिथला दाब वाढतो आणि जंतू नळीतून वर चढतात, असा तज्ज्ञांचा कयास आहे. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यकृत आणि पित्तनलिकांना सूज असलेल्या मांजरांपैकी ८३ टक्के मांजरांचं आतडंही सुजलेलं आढळलं, तर निम्म्यांचं स्वादुपिंड.

नखरे नव्हेत, मळमळ

स्वादुपिंड सुजलं की माणूस कळवळतो. मांजर पलंगाखाली जाऊन गप्प बसतं. कित्येक मांजरं तर एकदाही ओकत नाहीत. नीट पाहिलं तर मात्र कळतं: मांजर वाटीपाशी येतं, हुंगतं, ओठ चाटतं, लाळ गिळतं आणि तोंड फिरवून निघून जातं. भूक आहे, पण मळमळतंय. आपण मात्र ‘हिला आता हा खाऊ आवडेनासा झालाय’ म्हणत पाकिटं बदलत बसतो. याच्या उलट, वारंवार होणाऱ्या उलट्यांचं खापर आपण केसांच्या गोळ्यावर फोडतो. तेही चूकच.

कानात डोकवा

अंगभर केस, मग कावीळ दिसणार कुठे? दिवसाच्या उजेडात कानाची पाळी हळूच उलटी करा आणि आतली उघडी कातडी बघा. ओठ वर करून हिरड्या बघा, डोळ्यांचा पांढरा भागही. पिवळी झाक दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

बी-१२ ची दुहेरी कोंडी

हे जीवनसत्त्व शोषलं जायला एक खास प्रथिन लागतं. कुत्र्यात ते जठरातही बनतं, मांजरात फक्त स्वादुपिंडात. शोषण होतं लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला. दोन्ही आजारी, म्हणजे बी-१२ येणार कुठून? म्हणून डॉक्टर त्याची इंजेक्शनं देतात.

लंघन? मुळीच नको

पोट बिघडलं की लंघन हा आपला घरगुती उपाय. मांजराला तो जिवावर बेततो. दोन-चार दिवस पोटात काही गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि यकृतच बंद पडू लागतं. गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त. त्यामुळे डॉक्टर मळमळ आणि वेदना थांबवून मांजराला लवकरात लवकर खायला लावतात, वेळ पडली तर नाकातून किंवा मानेतून नळी घालून. रक्ततपासणी आणि सोनोग्राफीतून बराच अंदाज येतो. पक्कं निदान मात्र या अवयवांचा छोटा तुकडा काढून तपासल्यावरच होतं. सगळ्याच मांजरांना ते झेपत नाही, म्हणून पुष्कळदा अंदाजावरच उपचार सुरू होतात, आणि अनेक मांजरं सावरतातही.

एक मात्र कळकळीने सांगायचंय. मांजर मलूल दिसलं म्हणून घरातली क्रोसिन देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. आणि मांजराने पूर्ण दिवसभर वाटीला तोंड लावलं नाही, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका; डॉक्टरांकडे न्या.