डायक्रोमेट: सहावरून तीनवर

डायक्रोमेट हा क्रोमियमयुक्त ऑक्सिडक आहे. उद्योगात त्याचा सोडियम क्षार अधिक चालतो, कारण तो स्वस्त असून पाण्यात सहज विरघळतो. पोटॅशियम क्षार हवेतला ओलावा धरत नाही, म्हणून काटेकोर वजन लागणाऱ्या प्रयोगशाळेत तो वापरतात. दोन्ही नारिंगी असतात. त्यांतील क्रोमियम +६ अवस्थेत असते. आम्लात दुसऱ्या पदार्थाचे ऑक्सिडीकरण करताना ते +३ वर येते, म्हणजे त्याचे क्षपण होते, आणि द्रावण हिरवे होते. बहुतेक उपयोग याच बदलावर उभे आहेत.

कच्चा माल म्हणजे क्रोमाइट हे खनिज. भारतात ते मुख्यतः ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात सापडते. दळलेले क्रोमाइट सोडा अॅशबरोबर सुमारे १,१०० अंश सेल्सिअसला हवेत भाजले की सोडियम क्रोमेट बनते. ते पाण्यात उतरवून घेतात. या पिवळ्या द्रावणात सल्फ्युरिक आम्ल घातले की डायक्रोमेट तयार होते.

१८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन यांनी अॅनिलिनवर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया करून जांभळा कृत्रिम रंग मिळवला. पुढे या रसायनाचा मोठा ग्राहक ठरला चर्मोद्योग. उसाची मळी किंवा सल्फर डायऑक्साइड वापरून डायक्रोमेटचे क्षपण केले की क्षारकीय क्रोमियम सल्फेट मिळते. हे +३ क्रोमियम कातड्यातील कोलॅजेनच्या तंतूंना एकमेकांशी बांधते. वनस्पतिज टॅनिनला आठवडे लागतात; क्रोमने कातडे एक-दोन दिवसांत कमावले जाते आणि उकळत्या पाण्यातही टिकते.

लाकूड टिकवण्याचे तांबे-क्रोम-आर्सेनिक मिश्रण १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी शोधले. लाकडाशी होणाऱ्या क्रियेत क्रोमियमचे क्षपण होते आणि तांबे व आर्सेनिक पाण्याने सहजी धुऊन जात नाहीत. सांडपाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी मोजतानाही किती डायक्रोमेट खर्च झाले, तेच पाहतात.

डायक्रोमेटपासून मिळणारे क्रोमियम ट्रायऑक्साइड क्रोम प्लेटिंगच्या टाकीत जाते. तेथे मात्र क्षपण विजेने होते आणि वस्तूवर क्रोमियम धातूचाच थर बसतो.

जी ऑक्सिडीकरणक्षमता उपयोगी, तीच घातकही आहे. +६ क्रोमियम पेशींत सहज शिरते आणि तेथे क्षपण होताना डीएनएला इजा करते. त्याची धूळ किंवा तुषार श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. त्वचेवर व्रण पडतात, नाकाच्या पडद्याला भोक पडते. म्हणून सांडपाणी सोडण्यापूर्वी आम्लात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून क्रोमियम +३ वर आणतात, मग चुन्याने त्याचे हायड्रॉक्साइड साक्याच्या रूपात खाली बसवतात. हा गाळ घातक कचरा म्हणून वेगळा ठेवावा लागतो.