हरवलेल्या तासाचा माग

अमेरिकेतल्या युनियनच्या सुताराला ‘तुझा मालक कोण?’ असं विचारलं, तर तो जरा घुटमळेल. हिवाळ्यात तो एका कंत्राटदाराकडे हॉस्पिटलच्या इमारतीवर होता, उन्हाळ्यात दुसऱ्याकडे शाळेच्या, आणि पुढच्या महिन्यात कुठे असेल ते त्यालाही ठाऊक नाही. तरीही त्याचा आरोग्यविमा चालू राहतो आणि पेन्शन साठत जातं. याचं कारण असं की ही खाती कुठल्याच मालकाकडे नसतात. ती एका सामायिक फंडाकडे असतात, आणि करारावर सही केलेला प्रत्येक कंत्राटदार कामाच्या प्रत्येक तासामागे ठरलेले डॉलर त्या फंडात भरतो. बांधकामातल्या बऱ्याच फंडांत तर तासांची बँकच असते. भरपूर काम मिळालेल्या महिन्यातले वरचे तास तिच्यात जमा होतात आणि हात रिकामे असलेल्या महिन्यात त्यांतूनच विम्याची सोय होते.

आता मजा बघा. या सुताराचे किती तास भरले, हे फंडाला सांगतो कोण? तर कंत्राटदारच. दर महिन्याला तो नावं, तास आणि रक्कम लिहिलेला तक्ता पाठवतो, सोबत चेक. म्हणजे पैसे ज्याने द्यायचे, बिलही त्यानेच बनवायचं. इतकी भाबडी व्यवस्था टिकते कशी? ती टिकते, कारण मधूनमधून फंडाचा ऑडिटर कंत्राटदाराच्या ऑफिसात येऊन बसतो.

या फंडांची पाळंमुळं कोळशाच्या खाणीत सापडतात. 1946 साली संपामुळे अमेरिकन सरकारने खाणी ताब्यात घेतल्या होत्या. तेव्हा खाणकामगारांचे नेते जॉन एल. लुईस यांनी मंत्री ज्युलियस क्रुग यांच्याकडून एक अट मान्य करून घेतली: निघालेल्या प्रत्येक टनामागे पाच सेंट कामगार-कल्याण फंडात. एवढा पैसा युनियनच्या मुठीत जाणार, या धास्तीचा परिणाम पुढच्याच वर्षीच्या टाफ्ट-हार्टली कायद्यात दिसतो. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, पण काँग्रेसने तो डावलून 1947 साली कायदा केला. मालकाने युनियनला पैसे देणं या कायद्याने बंद केलं, पण एक फट ठेवली: लेखी करार असेल, विश्वस्तांत दोन्ही बाजू समसमान असतील आणि पैसा फक्त कामगार व त्यांच्या कुटुंबीयांसाठी असेल, तर चालेल. आज एकट्या पेन्शनचेच असे सुमारे 1,400 फंड आहेत आणि त्यांत एक कोटीहून जास्त माणसं आहेत.

आपल्याकडच्या वाचकाला इथे माथाडी मंडळं आठवतील, आणि ते बरोबरच आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेला 1969 चा कायदाही याच अडचणीतून जन्मला: हमाल एक, व्यापारी अनेक. फरक असा, की माथाडीची मजुरीसुद्धा लेव्हीसकट मंडळाकडे भरायची असते. अमेरिकेत मजुरी कंत्राटदार परस्पर देतो, फंडाच्या हाती येतो तो फक्त तक्ता. मजुरी दिसत नाही, म्हणून ती शोधायला जावं लागतं.

जाण्याचा हक्कही भांडूनच पक्का झाला. ट्रकचालकांच्या ‘सेंट्रल स्टेट्स’ फंडाला एका वाहतूक कंपनीने सांगितलं, ‘आमच्या ज्या माणसांना फंड लागू आहे त्यांचे कागद बघा, बाकीच्यांचे कशाला?’ वरवर रास्त वाटतं. पण यादीतून गाळलेला माणूस यादीतल्यांचे कागद बघून कसा सापडणार? 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने फंडाच्या बाजूने कौल दिला. त्यामागे आणखी एक गोष्ट होती. या फंडात चालकाचं पेन्शन त्याने किती काळ काम केलं यावर ठरतं, मालकाने पैसे भरले की नाही यावर नव्हे. न कळवलेला चालक उद्या दारात उभा राहिला, तर त्याला द्यावं लागणारच, आणि तेही इतर मालकांनी भरलेल्या पैशांतून.

तर ऑडिटर येतो. त्याच्या टेबलावरचा एक हिशेब जवळून पाहू, आकडे समजुतीपुरते घेऊ. वर्षभराच्या तक्त्यांत एका सुताराचे 1,200 तास आहेत आणि दर आहे तासाला 40 डॉलर. म्हणजे मजुरी झाली 48,000. आता त्याच सुताराचं डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षअखेरीला करखात्याकडे जाणारं वेतनपत्र, काढायचं. त्याच्या पाचव्या रकान्यात मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या करासाठी धरलेलं वेतन असतं. तिथे 72,000 आहेत. वरच्या 24,000 चे तास कुठे गेले? साध्या दराने 600 तास होतात, दीडपट ओव्हरटाइमने 400. फंडाचा वाटा तासाला 20 डॉलर धरला तर बाकी एकतर 12,000 किंवा 8,000. मग हजेरीची कार्डं काढायची. शिवाय करारही पुन्हा वाचायचा, कारण काही करारांत ओव्हरटाइमचा एक तास फंडासाठी एकच तास असतो, काहींत दीड किंवा दोन.

मला या कामातली खरी गंमत वाटते ती पुढे. लपवलेल्या तासाची चादर तोकडी असते, डोक्यावर ओढली की पाय उघडे पडतात. फंडापुढे कंत्राटदाराला तास कमी दाखवायचे असतात, पण मजुरी खर्चात दाखवली नाही तर नफा फुगतो आणि आयकर वाढतो. 1931 चा डेव्हिस-बेकन कायदा लागू असलेल्या सरकारी बांधकामावर दर आठवड्याला सही करून सांगावं लागतं, की अमुक माणसाने इतके तास काम केलं आणि त्याला ठरलेला दर मिळाला. तिथे तास पुरेपूर लिहिलेले असतात. अपघात-विम्याची कंपनी कामाच्या धोक्यानुसार हप्ता लावते, त्यामुळे तिच्यासाठी कुणी सुतार आणि कुणी कारकून याची वेगळी फोड तयार असते. एकाच तासाची गोष्ट इतक्या जणांना इतक्या वेगवेगळ्या हेतूंनी सांगितलेली असते, की त्या सगळ्या जुळवून ठेवणं हुशार माणसालाही जड जातं. ऑडिटर काही गुप्तहेर नसतो. एकाचा कागद तो दुसऱ्याच्या कागदाशेजारी ठेवतो, एवढंच.

पगारपत्रक चोख निघालं, तरी तो कीर्द-खतावणीकडे वळतो. दर शुक्रवारी एकाच नावाने निघणारे गोल आकड्यांचे चेक, ‘किरकोळ मजुरी’, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून पैसे दिलेला पण रोज त्याच साइटवर असणारा माणूस, करारात नसलेल्या पोटकंत्राटदाराची बिलं, अशा जागी त्याचं बोट थांबतं. सगळं लबाडीतूनच होतं असंही नाही. दरवाढीची तारीख चुकते, शिकाऊ माणूस वरच्या पायरीवर गेल्याचं नोंदवायचं राहतं, कारकून नवीन असतो.

आणि हे पैसे ‘जाऊ दे, जुना माणूस आहे’ म्हणून सोडून देता येत नाहीत. पेन्शन आणि आरोग्य फंडांसाठीच्या 1974 च्या एरिसा कायद्यानुसार फंडाने संबंधित मालकाला कर्ज देणं निषिद्ध आहे. थकबाकीच्या वसुलीसाठी विश्वस्तांनी पद्धतशीर प्रयत्नच केले नाहीत, तर तेही कर्ज दिल्यातच जमा होऊ शकतं. विश्वस्तांतले निम्मे मालकांच्या बाजूचे असूनही ते स्वतःच्या धंदेबंधूंकडे ऑडिटर पाठवतात, ते यामुळेच. प्रकरण कोर्टात जाऊन फंड जिंकला, तर मूळ रकमेवर व्याज, वर पुन्हा तितकंच व्याज किंवा करारात लिहिलेली, साधारणपणे 20 टक्क्यांपर्यंतची भरपाई, यांतलं जे जास्त असेल ते, आणि वकिलाचा खर्चही.

मग कुणाला वाटेल, कागदच ठेवले नाहीत तर? मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्स पॉटरी या कुंभारकामाच्या कारखान्याच्या खटल्यात 1946 सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की मालकाने नोंदी नीट ठेवल्या नसतील तर कामगाराने रास्त अंदाज मांडणं पुरेसं आहे, तो खोडण्याचं ओझं मालकावर. ते प्रकरण मजुरीचं होतं, पण पुढे अनेक अपील न्यायालयांनी तोच न्याय या फंडांनाही लावला.

कधी ताळा उलटाही येतो आणि कंत्राटदाराने जास्तच भरलेले निघतात. ते आपोआप परत मिळत नाहीत. चुकून भरले होते हे फंडाच्या प्रशासकाने ठरवावं लागतं, आणि ते ठरल्यापासून सहा महिन्यांच्या आतच फंड ती रक्कम परत करू शकतो.