'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देऊ नका

आजोबा तोच प्रश्न चौथ्यांदा विचारतात, आजी भाजीत दोनदा मीठ टाकते आणि आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसतो. परंतु प्रत्येक विसरणे वयाचे नसते. अल्झायमर हा मेंदूचा आजार आहे. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली तो प्रथम मांडला. त्यांची रुग्ण १९०१ मध्ये रुग्णालयात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती.

मग ओळखावे कसे? चष्मा कुठे ठेवला हे विसरणे आणि मागाहून आठवणे, हे कोणाचेही होते. पण सकाळी घरी कोण आले होते हे आठवण करून दिली तरी न आठवणे, आणि असे वारंवार घडणे, ही खूण होय. चाळीस वर्षांपूर्वीचे लग्न मात्र लख्ख आठवते. त्यामुळे घरचे फसतात. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग बहुधा आधी बिघडतो, म्हणून असे होते.

दुसरी खूण व्यवहारात दिसते. बँकेच्या काउंटरवर आम्ही ती पाहतो. वर्षानुवर्षे स्वतः स्लिप भरणारे पेन्शनर रक्कम लिहिताना अडखळतात. पैसे नेल्यावर तासाभराने पुन्हा रांगेत उभे राहतात. ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, साधा शब्द न सापडणे, 'माझे पैसे चोरले' असा संशय घेणे, आवडीचे काम सोडणे, याही खुणा आहेत.

एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. त्या माणसाची पूर्वीची सवय आणि आजचे वागणे ताडून पाहावे. आपल्या अनेक वडीलधाऱ्यांना शाळा मिळाली नाही. त्यांचे लिहिणे-वाचणे न पाहता बाजारहाट, स्वयंपाकाचा क्रम, सुट्या पैशांचा हिशेब पाहावा.

डॉक्टरांकडे जाण्यास लाजू नये. थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. पण काही औषधांनी बऱ्याच रुग्णांना काही काळ मदत होते. शिवाय नॉमिनी, पेन्शन, घराचे कागद हे त्या व्यक्तीला समज असतानाच स्वतःच्या इच्छेने ठरवता येतात. उशीर झाला की हा हक्क तिच्या हातून जातो.

विद्यार्थी मित्रांनो, आजी-आजोबांजवळ तुम्ही बसता, म्हणून बदल प्रथम तुमच्या ध्यानात येईल. तो तारखेसह वहीत लिहा व वडीलधाऱ्यांमार्फत डॉक्टरांना दाखवा. मात्र आजोबांना चारचौघांत 'आठवत नाही का?' असे विचारू नका. आठवण गेली तरी अपमान कळतो.